हाताशी गरम पाणी

आमच्या घरात गिझर आला तो मनकर्णामावशीसाठी. लोकांना वाटतं लेकीच्या बाळंतपणासाठी आणला. मीही कुणाचं खोडून काढत नाही, पण खरं ते खरं. माझी चैताली पहिल्या बाळंतपणाला तलवाड्याला येणार हे ठरलं, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. तिला आणि तिच्या बाळाला न्हाऊ घालायचं ते मनकर्णामावशीनेच. आणि मावशी म्हणत होती, मी येणार नाही.

मी तापट आहे, हे आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरसुद्धा सांगेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून शिकवून आवाज असा झालाय की घरात 'चहा घ्या' म्हटलं तरी संजय दचकतो. संजय म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पण मनात आणि कागदावर तो संजयच. गेवराई रस्त्याला त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तर त्याच्यापुढे माझा आवाज चालतो, सरपंचापुढे चालतो, मावशीपुढे मात्र चालत नाही. तिच्यापुढे मी अजूनही ती नवखी बाळंतीणच असते, जिला स्वतःचं लेकरू नीट धरता येत नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आपल्याकडची रीत. मला माहेरच उरलं नव्हतं. आई मी शाळेत असतानाच गेली आणि वडील कामासाठी गाव सोडून फिरत होते. सासूबाई, सिंधुबाई, जिवाने चांगल्या होत्या, पण संधिवाताने त्यांचं स्वतःचंच उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातात. आमच्या वस्तीतल्या, भीमनगरातल्या बायका येऊन हळहळायच्या, 'बिचारीचं कोण करणार' म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. मनकर्णामावशी आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. तिचा नवरा अजिनाथ लवकर वारला, मूलबाळ नाही. ती हळहळायला आली नाही. एका सकाळी डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन आली, तो अंगणात टाकला, चूल पेटवली, वर हंडा चढवला आणि सासूबाईंना म्हणाली, "सिंधुबाई, ही पोरगी माझ्या माहेरची हाय. आता मधी कुणी बोलू नगा."

ती माझ्या गावची नव्हती. नात्याची तर नव्हतीच. पण सव्वा महिना रोज आली. आधी बाळाला न्हाऊ घालायची, मग मला. कोमट तेलाने पाठ रगडायची, कमरेवर कढत पाण्याच्या धारा सोडायची. मी रडायचे, रोजच. ती कधी विचारायची नाही की कावून रडतीस. तांब्यामागून तांब्या ओतत राहायची, म्हणजे माझे डोळे कुठले आणि पाणी कुठलं हे कुणाला कळायचं नाही. मी शाळेत शिकवते, पोरांना व्याख्या सांगते. पण आई म्हणजे काय, हे मला त्या पाण्यातच कळलं, आणि त्याची व्याख्या मला आजही करता येत नाही.

आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. पाटावर बसून ती पाय लांब सोडायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायची. मग लेकरू कितीही वळवळो, तिच्या दोन पायांच्या खोबणीतून कधी निसटलं नाही. गावातली इतर घरंही बोलवायची. त्यातली काही मात्र पाचवीच्या दिवशी 'आज राहू द्या' म्हणायची, कारण तिची ओटी रिकामी. आमच्यात पाचवी पूजत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. त्या घरांत ती वाद न घालता सहाव्या दिवशी जायची. राग मला यायचा आणि अजूनही येतो.

तर ही मावशी 'येणार नाही' म्हणत होती. कारण गेल्या हिवाळ्यात घडलं होतं. एका घरी ती बाळाला न्हाऊ घालत होती आणि पाणी आणून देणारी बाई दुसरी होती. त्या बाईचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक, तिने न सांगता घंगाळात उकळतं पाणी ओतलं, ते उसळून बाळाकडे आलं. मावशीने डाव्या हाताने बाळ वर उचललं आणि उजवा हात मध्ये घातला. बाळाच्या अंगावर थेंब पडला नाही. मावशीच्या हाताची मात्र मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. जखम भरली, पण मुठीतला जोर गेला. भरलेली बादली आता तिला उचलत नाही.

मी तिच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, बादली तू कावून उचलायची? पाणी मी देईन की."

"तू देशील. आन् तुझं ध्यान दुसरीकडं गेलं तर?"

"माझं जाणार न्हाई."

"तिचंबी जाणार नव्हतं, बाई. न्हाऊ घालणारीच्या हाताशी पाणी पायजे. किती गरम, किती गार, ते तिचं तिला कळाया पायजे. दुसऱ्याकडून मागून घ्यायचं पाणी म्या आता घेत न्हाई. आन् सोताला उचलंना. मग येऊन काय करू, बसून बघू?"

मला राग आला आणि मी तणतणत घरी आले. संजय जेवत होता. मी त्याच्यावर ओरडले, "तुमच्या गॅरेजात एवढी यंत्रं, एका बाईच्या हाताशी गरम पाणी आणता येईना?" बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. पण घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "गिझर लावू की. नळ फिरवला की पाणी." मोरीत भांडं आपटत असताना माझा हात थांबला. या माणसाला कधीकधी असं सुचतं, म्हणून तर संसार टिकला.

गिझर गेवराईहून आला आणि बाथरूममध्ये टांगलाही. तेव्हा मला जाग आली. मी पाट घेतला, बाथरूममध्ये मांडला, वर बसले आणि पाय सोडले. ते थेट कमोडला टेकले. नवीन बाथरूम बांधताना संजयने हौसेने कमोड बसवला, शेजारी कपडे धुवायचं मशीन ठेवलं, आणि उरलेल्या जागेत माणसाने उभं राहून आंघोळ करावी एवढीच सोय उरली. मावशी तिथे पाय सोडून बसणार कशी? घोडं तिथे अडलं.

आमची खरी न्हाणी मागच्या अंगणात. शहाबादी फरशीचा ओटा, वर पत्रा, पुढे पडदा. बाथरूमची मागची भिंत आणि त्या ओट्याची भिंत एकच. म्हणजे गिझर भिंतीच्या अलीकडे आणि मावशीची जागा पलीकडे. गरम पाणी तेवढं भिंतीतून पार न्यायचं होतं.

"त्यात काय," संजय म्हणाला. तो 'त्यात काय' म्हणाला की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर भिंतीला भोक पडलेलं आणि गिझरच्या खालून एक काळा, जाडजूड पाईप निघून त्या भोकात शिरलेला. दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. मी विचारलं, हे काय? तर साहेब छाती काढून म्हणाले, "रेडिएटरचा पाईप हाय. टॅक्टर दिवसभर रानात तापतोय, तरी ह्याला काय होत न्हाई. तुझ्या गिझरचं काय घिऊन बसलीस?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मावशीला बोलावून आणलं. चैताली दिवस भरलेलं पोट सांभाळत खुर्चीवर बसली. मावशीने ओट्यावरचा पाट पायाने सरकवून घेतला, खाली बसली, आणि कुणी न सांगता तिने पाय लांब सोडले. ते मी पाहिलं.

संजयने नळ सोडला. वाफाळतं पाणी आलं. मावशीने ओंजळ धरली, नाकाशी नेली, आणि संजयकडे बघून म्हणाली, "संजय, ह्या पाण्याला टॅक्टरचा वास येतोय."

"मावशी, चांगला साबणानं धुऊन घेतलाय."

"आरं, लेकराला न्हाऊ घालायचंय. नांगराला जुपायचं न्हाई."

चैताली हसता हसता पोट धरून वाकली. मीही हसले. ओंजळीतल्या पाण्यात काळसर कण फिरत होते. संजयचा चेहरा उतरला, पण त्याला समजावत बसायला मला वेळ नव्हता, कारण मावशी उठली होती. दाराशी जाऊन थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे, माय. दुसरी बाई बघ. माझा हातबी आता पहिला ऱ्हायला न्हाई."

हसणं माझ्या तोंडातल्या तोंडात विरलं. इतके दिवस मी म्हणत होते, माझ्या नातवंडाला मावशीचे हात पाहिजेत. त्या क्षणी मला कळलं की गरज फक्त माझी नव्हती. ही बाई घरात बसून बसून स्वतःला मोडीत काढायला लागली होती. ती अशीच मागे सरली तर पुन्हा कुणाच्याच पाटावर बसणार नव्हती.

त्याच आठवड्यात चैतालीला बीडला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पेढे वाटून झाल्यावर मी पहिला फोन केला तो पप्पूला. पप्पू म्हणजे संजयच्या बहिणीचा मुलगा, गेवराईत नळ-फिटिंगची कामं करतो. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

तो आला, काळा पाईप बघितला आणि म्हणाला, "मामा, लेकराचं आरटीओत पासिंग करायचं हाय का?"

"गप बे," संजय म्हणाला.

पप्पूने आधी मोठाच बेत मांडला. फरशा फोडायच्या, भिंतीतून कडक पाईप न्यायचा, कोपऱ्याकोपऱ्याला जोड द्यायचे, वर पुन्हा फरशा. मी म्हटलं, "बाळ परवा घरी येतंय. ते काय तुझ्या फरशा वाळायची वाट बघणार हाय?" मग त्याने डोकं खाजवलं आणि गाडीवरून जाऊन दोन कनेक्शन पाईप घेऊन आला. वरून स्टीलची बारीक जाळी विणलेली, आत रबरी नळी, पण गरम पाण्यासाठीच केलेली, वास न येणारी. एक आखूड, एक लांब. गिझरची तोंडं आणि भिंतीतली तोंडं एका रेषेत नव्हतीच. कडक पाईप असता तर चार ठिकाणी वळणं द्यावी लागली असती. हा पाईप नुसता हवा तसा वळला आणि जाऊन बसला. पप्पू म्हणाला की याला मुरड पडू द्यायची नाही, गोल वळण द्यायचं, आणि बेसिनखाली लावतात तो साधा प्लास्टिकचा पाईप गरम पाण्याला कधी लावायचा नाही, तो मऊ पडून फुगतो.

एवढं सगळं सांगितलं, आणि नळ सोडला तर पाणी कोमट. थोड्या वेळाने गारच. पप्पू म्हणाला, गिझर खराब. मग म्हणाला, लाईट कमी येतीय. मी चष्मा लावून खालून बघितलं. गिझरच्या एका तोंडाला निळं कडं होतं, एकाला लाल.

"पप्पू, गार पाणी आत जायचं तोंड कोणतं?"

"निळं, मामी."

"मग हा बाहेर जायचा लांब पाईप निळ्याला कावून बसवलास?"

पप्पूचं तोंड पहिल्यांदा बंद झालं. संजयला एवढा आनंद झाला की तो स्वतः पुढे सरसावला. गिझर बंद केला, पाणी उतरवलं, दोन्ही पाईप हातानेच सुटले, अदलाबदल झाली. फोडाफोड नाही, तोडातोड नाही. शेवटचं आवळणं मात्र संजयने आपला ट्रॅक्टरचा पाना लावून केलं, आणि तिथून टपटप सुरू झाली. आतला रबरी वायसर दबून चिरला होता. "मामा, हाताने बसवायचा आन् वरून जरासा पाना," असं म्हणत पप्पूने नवा वायसर घातला. दोघांनी मिळून ते निस्तरलं. मी बाजूला उभी राहून दोघांनाही बोलत होते, पण खरं सांगते, आतून मला त्या दोघांची माया येत होती.

नळ कुठला बसवायचा, हे मात्र मी सांगितलं. फिरकीचा नको. मुठीत जोर नसेल तर फिरकी फिरत नाही. दांडीचा नळ लाव, मनगटाने ढकलला तरी सुटला पाहिजे, आणि तसाच दुसरा गार पाण्याचा, शेजारी. उंची मी पाटावर बसून, हात लांबवून दाखवली. पप्पूने गिझरचं बटण कमीवर ठेवलं, म्हणजे पाणी भाजण्याइतकं तापणारच नाही.

चैताली बाळाला घेऊन घरी आली. डॉक्टरांनी नाळ पडेपर्यंत बाळाला नुसतं पुसून घ्यायला सांगितलं होतं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मावशीला बोलवायला गेले नाही. दोनदा 'नाही' ऐकलं होतं, तिसऱ्यांदा ऐकायची हिंमत नव्हती. आणि मनात होतं, बाळ बघायला तर ती येईलच.

नाळ पडली त्या सकाळी ती आली. हातात पिशवी, पिशवीत आळीव आणि बाळंतशोपा. बाळाला मांडीवर घेतलं, वास घेतला, डोकं चाचपलं. चैताली माझी लेक खरी. ती म्हणाली, "मनाआजी, आईनं मागं कायतरी करून ठिवलंय. एकदा बघ तरी. न्हाई आवडलं तर शिव्या दे तिला."

मावशी ओट्याकडे गेली. मी मागे मागे. ती पाटावर बसली, दोन नळांकडे बघितलं, दांडीला मनगट लावलं. पाणी आलं. तिने मनगटानेच बंद केलं. पुन्हा सोडलं. पुन्हा बंद केलं.

"हा असला नळ कुणी सांगितला?"

"मी."

तिने कोपर धारेखाली धरला, मग ओंजळ नाकाशी नेली.

"वास न्हाई," ती म्हणाली. मग संशयाने वर बघितलं. "आन् करंट?"

मी आत जाऊन गिझरचं बटण बंद केलं आणि तिला दाखवायला खिडकीतून ओरडले, "बंद केलं गं! पाणी तापलेलं हाय, आता करंटचा संबंधच न्हाई." तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला. आधी तापवायचं, मग बटण बंद, मग न्हाणं.

"आणा लेकराला," मावशी म्हणाली.

घंगाळात तिने आधी गार पाणी घेतलं, मग गरम सोडलं, कोपर घातला, पुन्हा थोडं गार घेतलं. सगळं तिच्या हाताशी, तिच्या मनाप्रमाणे. कुणाला हाक मारायची गरज नाही, कुणाच्या लक्षाची भीती नाही. माझी नात तिच्या नडग्यांवर पालथी पडली आणि एवढंसं तोंड उघडून रडायला लागली. मावशीचा तो भाजलेला हात तिच्या पाठीवरून एकदा खाली गेला, एकदा वर आला, आणि रडणं थांबलं. ज्या हाताला बादली उचलत नव्हती त्या हाताला बाळ पेलत होतं. मला हुंदका आवरेना.

"रडायचं आसंल तर तिकडं जा," मावशी मान वर न करता म्हणाली. "लेकराच्या अंगावर नगं."

मी तिकडे गेले. स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडले. संजय आला आणि घाबरून विचारू लागला, पाईप सुटला काय. त्याला मी मिठी मारली. भरदिवसा, दार उघडं असताना. त्याने आयुष्यात एवढा मोठा धक्का खाल्ला नसेल.

सव्वा महिना मावशी रोज आली. बाळाला न्हाऊ घातलं, चैतालीची पाठ रगडली, मला चार शिव्या दिल्या. चालायची ढब बदलली तिची. जाता येता लोक विचारायचे, 'कुठं निघालात,' तर थांबून सांगायची, "कामावर." आळीतल्या दुसऱ्या एका सुनेला दिवस गेले होते. तिची सासू विचारायला आली तेव्हा मावशीने आधी अट घातली, "दांडीचा नळ बसवा. मग येते." पप्पूला तिने नंबर द्यायला लावला.

शेवटच्या दिवशी रीतीप्रमाणे मी साडी काढली. न्हाऊ घालणारीला साडीचोळी द्यायची असते. पण मला नुसती रीत करायची नव्हती. मला बोलायचं होतं. आपल्यात जवळच्या माणसाचे आभार मानत नाहीत, मानले की परकं केल्यासारखं होतं, म्हणून इतकी वर्षं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्या दिवशी मी साडी तिच्या पुढ्यात धरली आणि म्हटलं, "मावशी, तू नसतीस तर मी त्या बाजेवरच मेले असते. मला आई दिलीस तू. माझ्या लेकीला दिलीस, आता तिच्या लेकीला. ह्याची फेड माझ्याच्याने व्हायची न्हाई."

मावशीने साडी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता दटावणार. पण ती पाटाकडे बघत होती. तिने विचारलं, "टाकीत पाणी हाय का गं अजून? गरम?"

"हाय की. कावून?"

"न्हाई..." ती थांबली. अशी थांबलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "इतक्या जणींला घातलं. कशी वाटत आसंल ती धार, ते म्हाईतच न्हाई मला. मला कुणी घातलंच न्हाई. घालायचं कारणच झालं न्हाई. एक डाव घाल की मला."

मी पदर खोचला. पडदा ओढला. तिला पाटावर बसवलं आणि मागे बसले. तेल कोमट करून आणलं, तिची ती सुकलेली, हाडं लागणारी पाठ रगडली, कंबर रगडली. आधी गार घेतलं, मग गरम सोडलं, कोपर घालून बघितलं, तिने शिकवलं तसं. आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. पहिल्या धारेला तिने अंग चोरलं. मग खांदे खाली आले. "जोरात चोळ," एवढं एकदा म्हणाली. तिची पाठ हलत होती. मी विचारलं नाही. गिझरमधलं गरम पाणी संपेपर्यंत मी ओतत राहिले.

मग अंग पुसून, डोक्याला फडकं बांधून तिला आत आणलं. चैताली बाजेवरून उठली. तिने बाजेखालची शेगडी फुंकून नीट केली, वर ओवा टाकला, मावशीला बाजेवर निजवलं आणि गोधडी ओढली. मावशी म्हणत होती, "आगं, मला कशाला, मी काय..." तोवर चैतालीने बाळ आणून तिच्या कुशीत दिलं. "धर," म्हणाली. बाळाने तोंड फिरवलं आणि मावशीच्या छातीशी घुसून झोपून गेलं. मावशीने गोधडी बाळाच्या कानापर्यंत ओढली. आळिवाची खीर मी वाटीत घेऊन आले तोवर तिचाही डोळा लागला होता.

तेवढ्यात गावातल्या सुभद्राबाई आल्या. हातात बाळंतविडा, त्यात झबली, टोपडी आणि डिंकाचे लाडू. दारातूनच मोठ्याने विचारलं, "बाळंतीण कुटं हाय?"

चैतालीने ओठांवर बोट ठेवलं आणि बाजेकडे दाखवलं.

"ती काय. आत्ताच न्हाऊ घातलंय. हळू बोला."

सुभद्राबाई बघत राहिल्या. एकदा चैतालीकडे, एकदा बाजेकडे. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, पावलं न वाजवता आत आल्या, लाडवांची पिशवी मावशीच्या उशाशी ठेवली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.